चटणीच्या बाजूचा राइट फील्डर

सुलक्षणा माझी वहिनी. मी तिची नणंद वरदा, म्हणजे तिच्यात खोट काढायचा परवाना मला तिच्या लग्नातच मिळाला, आणि साउथहॅम्प्टनात आम्ही दोघी दहा मिनिटांच्या अंतरावर राहत असल्यामुळे तो मी मनसोक्त वापरलेला आहे. मी स्वतः लग्न केलं नाही, त्यामुळे जीभही शाबूत आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवते, हे कौतुक नव्हे. वाचताना कौतुक वाटलं तर तुमचं तुम्ही बघा.

माझा भाऊ शशिधर इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्याच्या बरोबरीच्या डॉक्टरांच्या बायकांनी इथे आल्यावर पुढचे कोर्सेस केले, नाहीतर बागा फुलवल्या. वहिनीने काय करावं? कौन्सिलची जाहिरात वाचून लॉलीपॉप लेडीची नोकरी धरली. सकाळ-दुपार शाळेसमोर पिवळंजर्द जॅकेट घालून, हातात दांड्यावरची ती मोठी गोल पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या आणि पोरांना पलीकडे पोचवायचं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. एक तर तोंडावर म्हणाली, "अगं, डॉक्टरची बायको आणि अशी रस्त्यावर उभी?" वहिनी म्हणाली, "मग काय झालं? नवरा माणसांना झोपवतो, मी ड्रायव्हरांना जागं ठेवते." रिटायर होईपर्यंत तिने एक खाडा केला नाही. अजूनही शर्ली भागातल्या बाजाराला गेलो की दाढीवाले बाप्ये "मिसेस डी!" म्हणून रस्ता ओलांडून येतात आणि ही त्यांना विचारते, दोन्हीकडे बघितलंस का.

तिचा दुर्गुण एकच, पण तो एकटाच दहांना भारी आहे. ती जेवायला बसत नाही. म्हणजे जेवते, पण सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, उभ्याने, गार. घरात चार माणसं असोत की चाळीस, पहिल्या पंगतीला वहिनी कधी बसलेली कोणी पाहिली नाही. माझ्या घरी तिला पाहुणी म्हणून बोलवावं तर आल्या आल्या ओढणी कमरेला खोचून माझ्याच स्वयंपाकघरात मलाच विचारणार, "डाव कुठे ठेवलास?" मी ओरडते, चिडते, एकदा तर तिच्या हातातून भाताचं पातेलं ओढून घेताना अर्धा भात जमिनीवर गेला. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. "तुम्ही बसा ना वन्सं, मी आहे," म्हणते. एरवी मी वरदा. चिडवायचं असलं की वन्सं.

तर गेल्या वर्षी दादाच्या मुलीने, ईराने, एडिनबराहून फोन करून सांगितलं की ती कॅलेबशी लग्न करतेय. कॅलेब तिच्याच हॉस्पिटलात फिजिओ, मूळचा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. मुलगा हसरा, कामसू, आणि पुरणपोळीवर तूप मागून घेणारा, म्हणजे माझ्याकडून पास. काळजी होती ती त्याच्या वडिलांची. त्यांचं नाव डेल. शाळेत बेसबॉलचे कोच होते. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, नोरा, आणि तेव्हापासून माणसाने बोलणंच टाकलं.

"आधी दर रविवारी आई आणि डॅड भांडायचे," कॅलेब सांगत होता. "बेसबॉलची सर्वकाळातली बेस्ट टीम कोणती. प्रत्येक पोझिशनला एकच खेळाडू निवडायचा. माझ्या लहानपणापासून तेच भांडण, कधी संपलंच नाही. आता मी फोन केला की डॅड म्हणतात, फाइन. आणि फोन ठेवतात."

वहिनीने हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून बेसबॉलची तीन जाडजूड पुस्तकं उचलून आणली.

"वहिनी, तुला क्रिकेटमधला एलबीडब्ल्यू अजून कळत नाही," मी म्हटलं.

"तो अंपायरलाही कळत नाही. हे बघ वरदा, ज्या माणसाजवळ बोलायला एकच विषय उरलाय, तो विषय आपल्याला यायला हवा. उद्या व्याही म्हणून घरी येतील. मी काय त्यांच्याशी हवापाण्यावर बोलू?"

स्पोर्ट्सचं चॅनल माझ्याकडे, त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी सहाला, तिकडच्या दुपारच्या मॅचेस लागल्या की ही चिवड्याचा डबा घेऊन माझ्या सोफ्यावर. पहिले दोन रविवार आम्हांला ओ की ठो कळलं नाही. नऊ जण मैदानात, प्रत्येकाची जागा ठरलेली, एवढं समजलं. एकाच्या हातात बॅट. त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर, आपला विकेटकीपर म्हणा. समोर मातीच्या उंचवट्यावर पिचर, म्हणजे बोलर. जवळ, धावणाऱ्याने गाठायच्या बेस नावाच्या थांब्यांपाशी, चार जण; लांब मागे तीन जण, लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्डर. तिसऱ्या रविवारी वहिनी ताडकन उठली आणि माझ्या फडताळातून स्टीलचं ताट घेऊन आली.

"अगं, हे तर पान वाढलेलं आहे!"

आणि तिने मला ते ताट समजावून सांगितलं. मधोमध उंचवट्यावरचा पिचर म्हणजे वरणभाताची मूद. सगळ्यांत वर मध्यावर सेंटर फील्ड, तिथे मीठ. त्याच्याशिवाय कशालाच चव नाही. तिसरा बेस म्हणजे चटणी, कारण तिथे बॉल असा सणसणत येतो की अमेरिकन लोक त्या कोपऱ्याला गरम कोपराच म्हणतात. चटणीच्या शेजारचा शॉर्टस्टॉप म्हणजे लिंबाची फोड, लहानशी पण सगळ्याला लागते. पलीकडे पहिला बेस ही आमटीची वाटी, दुसरा बेस उसळ. मागचे कोपऱ्यांतले दोन फील्डर म्हणजे एकीकडे कोशिंबीर आणि दुसरीकडे बटाट्याची भाजी.

"आणि कॅचर?" मी विचारलं.

"कॅचर म्हणजे जेवणारा. सगळं त्याच्यासमोरच तर मांडलेलं असतं."

मग काय, आमचीही भांडणं सुरू झाली. मी आकड्यांवर जायची, कोणी किती रन काढले, किती होमरन मारले. वहिनीचा निकष वेगळाच. "हा माणूस घरी जेवायला बोलावण्यासारखा आहे का?" पहिल्या बेसला तिने लू गेरिगला घेतलं, कारण तो वर्षानुवर्षं एकही मॅच न चुकवता खेळला. "खाडा नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला. पिचर म्हणून सँडी कोफॅक्स, कारण वर्ल्ड सिरीजची, म्हणजे त्यांच्या फायनलची, पहिली मॅच त्याच्या धर्मातल्या पवित्र दिवशी आली तर तो खेळलाच नाही. "बघ, एवढी मॅच सोडली पण व्रत मोडलं नाही. आणि तू संकष्टीला साबुदाणावड्याबरोबर चिप्स खातेस." शॉर्टस्टॉपला मी जुना होनस वॅग्नर म्हणत होते, ती ऑझी स्मिथवर अडून बसली, कारण तो मैदानात येताना कोलांटउडी मारायचा. "आनंदी माणूस आहे गं!" बेब रूथला मात्र तिने दारातच उभं केलं. त्याच्या खाण्याच्या गोष्टी पुस्तकात वाचल्या होत्या. "हा एकटाच पंगत उठवेल, बाकीच्यांनी काय हात वाळवायचे?" म्हणून राइट फील्डला हँक ॲरन.

टीव्हीवर मॅच दिसते ती पिचरच्या पाठीमागून, लांबून. बॉल मारला की कॅमेरा एकदम समोरच्या टोकाला उडी मारतो आणि सगळं उलटं दिसायला लागतं. वहिनी म्हणायची, "ओव्हर संपली, बाजू बदलली." क्रिकेटवर वाढलेल्या आम्ही, मलाही ते पटलं. कोणी शंका काढली नाही.

या जूनमध्ये डेल आले. बुधवारी रजिस्टर लग्न आणि शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या पद्धतीचं, असा बेत. व्याही आधीच्या आठवड्यातच दादाच्या घरी उतरले. सहा फुटांच्या वर उंची, खांदे रुंद, आणि तोंडात मूग. "थँक यू, मॅम" आणि "आय ॲम गुड" या दोन वाक्यांवर माणूस आठ दिवस काढू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. पहिल्या रात्रीच्या जेवणात त्यांनी चटणी उचलून उजवीकडे भाजीशेजारी ठेवली. वहिनीने ती शांतपणे परत डावीकडे ठेवली आणि इंग्रजीत सांगितलं, "लेफ्ट. युअर लेफ्ट." त्यांनी मान डोलावली. झालं, एवढाच संवाद.

वर्षभर केलेला अभ्यास बिचारीच्या पोटात उकळत होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने हळूच विषय काढला, "तुमचा शॉर्टस्टॉप कोण?" डेल म्हणाले, "वॅग्नर, बहुतेक." आणि खिडकीतून बागेकडे बघत बसले. वहिनी मला फोनवर म्हणाली, "वरदा, दार वाजवलं, पण आतून कोणी आलंच नाही." मला तिचा आवाज ऐकवेना. मी म्हटलं, वॅग्नर म्हणाले म्हणजे निदान माणूस शहाणा आहे. ती हसलीसुद्धा नाही.

मग शुक्रवारी ईरा माझ्याकडे येऊन रडली. डेलनी कॅलेबला सांगितलं होतं की बुधवारी सह्या झाल्या की गुरुवारच्या विमानाने ते परत जाणार. शनिवारच्या लग्नाला थांबणार नाहीत. "त्यांनी म्हणाले, मला तिथे काय करायचं ते माहीत नाही, अशा गोष्टी नोरा सांभाळायची," ईरा नाक पुसत म्हणाली. इथे जन्मलेली पोर, तिचं मराठी रडताना जास्तच पडतं. "आत्या, कॅलेब काही बोलत नाही, पण तो आतून तुटलाय. मांडवात त्याच्या साइडला कोणी नसणार. त्याच्या बाजूचे सगळे खुर्च्या एम्प्टी."

मला इतका संताप आला! म्हटलं, दुःख काय यांनाच झालंय? पोटचा पोरगा बोहल्यावर उभा राहणार आणि बाप विमानात बसून शेंगदाणे खाणार? मी बोलणारच होते व्याह्यांना, पण ईराने हात धरला. रविवारी माझ्याकडे तिचं केळवण होतं. म्हणाली, "प्लीज आत्या, केळवणाला भांडू नकोस." मी कबूल केलं. आता भांडण आपणहून चालत आलं तर मी काय करणार?

रविवारी दुपारी माझ्या टेबलावर सहा पानं मांडली. नॉर्दम रोडच्या दुकानातून केळीची पानं आणली होती, भोवती महिरप काढली. दादा, ईरा, कॅलेब, डेल आणि मी बसलो. सहावं पान वहिनीचं. वहिनी कुठे? अर्थातच ओढणी खोचून, हातात डाव घेऊन, टेबलाच्या पलीकडे उभी.

"वहिनी, आज तुझ्या लेकीचं केळवण आहे. तू पाहुणी आहेस. बस!"

"बसते गं, आधी यांचं होऊ दे."

"सुलू, बस की," दादा पानातून मान वर न करता म्हणाला. तेवढाच त्याचा जोर.

ती बसली नाही.  फक्त वाट्यांचे आवाज. शेवटी कॅलेबला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "आई, ते तुमचं पानावरचं बेसबॉल सांगा ना डॅडना. ईराने मला सांगितलंय, डॅडना माहीत नाही." पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण मी माझ्या भाषेत सांगते, कारण भांडण मराठीतच शोभतं.

वहिनी आधी लाजली. मग डेलसमोर उभी राहून डावाने एकेक पदार्थ दाखवायला लागली. मूद, म्हणजे पिचर, कोफॅक्स. मीठ, विली मेज. डेलनी मान हलवली. चटणी, ब्रूक्स रॉबिन्सन, त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. लिंबू, ऑझी स्मिथ. इथे ओठांचा एक कोपरा हलला, मी पाहिलं.

"आणि राइट फील्डला हँक ॲरन," वहिनी म्हणाली. "लोक क्लेमेंते म्हणतात. पण मला त्याचं एवढं काय कौतुक ते कळत नाही."

डेलचा हात आमटीच्या वाटीवर थांबला.

क्लेमेंते हा पिट्सबर्गचा खेळाडू. ते मला माहीत होतं, वहिनीलाही माहीत होतं. भूकंपग्रस्तांना मदत पोचवायला निघालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला, हेही तिने वाचलं होतं आणि वाचून डोळे पुसले होते. जेवायला बोलावण्यासारखा माणूस शंभर टक्के. पण वहिनी न्यायाला पक्की.

"मॅम," डेल म्हणाले, "काय म्हणालात तुम्ही?"

"माणूस देवासारखा. पण सगळी पुस्तकं त्याच्या हाताची स्तुती करतात, की तो राइट फील्डमधून तिसऱ्या बेसवर काय बॉल फेकायचा! आता तुम्हीच सांगा, तिसरा बेस तर त्याच्या नाकासमोर. हाकेच्या अंतरावरून मीसुद्धा फेकेन."

खुर्ची मागे पडल्याचा धाडकन आवाज आला. डेल उभे राहिले होते. कान लालबुंद.

"नाकासमोर? नाकासमोर?? मॅम, मी लहान असताना माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून ती फेक बघितलीय! मैदानाच्या पार त्या टोकाच्या भिंतीपासून! बॉल जमिनीला न लागता थेट तिसऱ्या बेसवर! पळणारा माणूस बेस गाठायच्या आधी बॉल तिथे! आणि तुम्ही म्हणता हाकेच्या अंतरावरून?"

आठ दिवसांत ऐकलं नव्हतं इतकं त्या एका दमात ऐकलं. कॅलेब घास हातात धरून बापाकडे बघत राहिला. ईराने माझा हात टेबलाखाली घट्ट दाबला.

वहिनी मागे हटणारी नाही. लॉरीवाल्यांना थांबवलेली बाई ती. "ओरडू नका! मी वर्षभर बघतेय टीव्हीवर. राइट फील्डर चटणीच्या बाजूला उभा असतो!"

"चटणीच्या बाजूला लेफ्ट फील्डर असतो!"

"राइट!"

"लेफ्ट!"

"अहो, हा काय उजवा हात माझा!" आणि तिने डाव धरलेला हात चटणीवर नाचवला. आमटीचे दोन थेंब डेलच्या शर्टावर पडले. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते वहिनीकडे बघत होते, मग पानाकडे, मग परत वहिनीकडे.

"मॅम," ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या रात्री तुम्ही मला सांगितलंत, चटणी डावीकडे. कोणाच्या डावीकडे?"

"जेवणाऱ्याच्या, अर्थात. वाढणाऱ्याच्या डाव्या-उजव्याला कोण विचारतं?"

"आणि तुमच्या या टीममध्ये जेवणारा कोण?"

"कॅचर."

डेलनी नुसतं बोट दाखवलं, आधी आपल्या पडलेल्या खुर्चीकडे, मग वहिनी उभी होती त्या जागेकडे.

वहिनीचा डाव हवेतच राहिला. तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, पानातल्या चटणीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे वर्षभर मी वाढपिणीच्या बाजूनेच बघत होते की काय!"

तिथे जे हसू फुटलं म्हणता! दादाला ठसका लागला, त्याच्या पाठीवर थापट्या मारता मारता मीच वाकडी झाले. कॅमेरासुद्धा सेंटर फील्डमधून, हिच्याच जागेवरून, आणि मी तिच्या शेजारी चिवडा खात माना डोलवत बसलेली. बाजू बदलली म्हणे! क्लेमेंतेला बिचाऱ्याला आम्ही दोघींनी वर्षभर चटणीपाशी उभं केलं होतं.

डेलही हसत होते. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी डोळे पुसले, पण ते थांबेनात. "नोरालाही राइट फील्ड कधी कळलं नाही," ते म्हणाले. "ती म्हणायची रूथ. लग्न झाल्यापासून रूथ. हॉस्पिटलमध्ये तोंडातून शब्द फुटेना तरी मला खुणावून सांगितलं, रूथ." त्यांनी खुर्ची उचलून नीट ठेवली. "दोन वर्षांत माझ्याशी कोणी भांडलंच नाही हो. सगळे फार चांगले वागतात."

 कॅलेब उठून बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ज्या माणसाला मी शुक्रवारपासून मनात शिव्या घालत होते त्याच्या पानात मी आणखी एक पुरणपोळी वाढली.

मग डेलनी सहावी खुर्ची ओढली, वहिनीची, रिकामी. "मॅम, तिथून नाही दिसायचं. सेंटर फील्डमध्ये फार वर्षं उभ्या राहिलात. इथे बसा, कॅचरच्या जागी."

"नाही नाही, मी नंतर..."

"बसल्याशिवाय क्लेमेंते कळणार नाही."

आणि काय सांगू, माझी वहिनी बसली! मी आरडाओरडा करून जे झालं नाही, दादाच्या 'बस की'ने झालं नाही, ते क्लेमेंतेने केलं. डेलनी तिच्या हातातला डाव काढून घेतला, टेबलाच्या पलीकडे जाऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, आता मी वाढतो, तुम्ही जागा सांगा.

मीठ बरोबर पडलं, वर मधोमध. "तिसरा बेस," वहिनी म्हणाली. डेलनी ऐटीत चटणी घेतली आणि वाढली. उजवीकडे. वहिनीच्या उजवीकडे, त्यांच्या स्वतःच्या डावीकडे!

"लेफ्ट! लेफ्ट!" आम्ही पाचही जण ओरडलो. बेसबॉलचा कोच, जन्म त्या मैदानात गेलेला, वाटी हातात धरून डावं-उजवं करत खुळ्यासारखा उभा. शेवटी म्हणाले, "इथून फार कठीण आहे हो हे." वहिनी टाळ्या पिटत हसली. दादा कधी नव्हे तो उठून आत गेला आणि बायकोसाठी पुरणपोळी गरम करून घेऊन आला. एका बाजूने करपवली होती. तिने ती गरमगरम खाल्ली, सगळ्यांच्या आधी, बसून. मध्येच म्हणाली, "वरदा, पुरणात जायफळ छान पडलंय गं." पुरण माझ्याकडे दर होळीला होतं. तिला चव लागली ती त्या दिवशी.

हात धुवायला उठताना डेलनी विचारलं, "शनिवारी पंगतीला कोण वाढतं?"

"केटररची माणसं," ईरा म्हणाली. 

"त्यांना सांग, मीठ मी वाढणार. ते मधोमध असतं, तेवढं जमेल मला."

ईरा त्यांच्या गळ्यातच पडली. कॅलेबने तिथल्या तिथे फोन काढून गुरुवारचं तिकीट पुढे ढकललं.

शनिवारी डेल मांडवात थांबले. फेटा बांधला, तो सारखा कानावर येत होता. अंतरपाट धरला होता तेव्हा मुलाच्या मागे असे ताठ उभे की भटजींनी त्यांनाच दोनदा अक्षता दिल्या. आणि पंगत बसली तेव्हा हातात मिठाची वाटी घेऊन शंभर पानांवरून फिरले, प्रत्येकाला 'सेंटर फील्ड' म्हणत. आपल्या म्हाताऱ्या बायकांना वाटलं हा अमेरिकेतला काही मंत्र आहे. त्या हात जोडायच्या.

वहिनी पहिल्या पंगतीला होती. मी धरूनच बसवलं होतं, आणि खरं सांगते, फार जोर लावावा लागला नाही. डेल तिच्या पानाशी आले, मीठ वाढलं, आणि फेटा सावरत म्हणाले, "तर मॅम, आता मिटलं ना? राइट फील्ड, क्लेमेंते."

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. "छे," ती म्हणाली. "रूथ."

 डेल वाटी टेबलावर आपटून म्हणाले, "रूथ?? मॅम, तुम्हांला बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही!" आणि चेहरा असा उजळला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. पुढच्या पानापर्यंत जाताना ते तीन वेळा मागे वळून क्लेमेंतेची बाजू मांडत होते. पुढच्या रविवारी फोन करतो, तेव्हा पुराव्यांसकट सांगतो, म्हणाले.

ते लांब गेल्यावर मी वहिनीला कोपराने ढोसलं. "अगं, तुला तर क्लेमेंते पटला होता! आणि रूथला तू खादाड म्हणून हाकललं होतंस ना?"

वहिनीने डाव्या बाजूची चटणी बोटाला लावून चाखली. "पटलाच आहे क्लेमेंते," ती म्हणाली. "पण आता कोणीतरी रूथ म्हणायला नको का, वन्सं?"